मुक्काम एक, पोस्ट दुसरे

खेड नावाचे तालुके महाराष्ट्रात दोन आहेत. एक रत्नागिरी जिल्ह्यात, दुसरा पुणे जिल्ह्यात. पुण्याकडच्या खेड गावाला हुतात्मा राजगुरूंचे नाव मिळाले, तरी तालुका अजून खेडच आहे. कर्जतही दोन, रायगडचे आणि अहिल्यानगरचे. मालेगाव नाशिकचे आणि वाशीमचे, कळंब धाराशिवचे आणि यवतमाळचे, कारंजा वाशीमचे आणि वर्ध्याचे, सेलू परभणीचे आणि वर्ध्याचे. शिरूर म्हटले की पुणेकराला घोडनदी आठवते, बीडकराला शिरूर कासार आणि लातूरकराला शिरूर अनंतपाळ. बुद्रुक आणि खुर्द अशा जोड्यांनी नांदणारी गावे तर जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडतात. बोलण्यात यामुळे कुणाचे अडत नाही. कोणते कर्जत, हे एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला बोर्डावरून आणि बोलणाऱ्याच्या बोलीवरून कळते. पाकिटाला ते कळत नाही. त्याच्यावर जेवढे लिहिले, तेवढ्यावरच त्याने वाट काढायची असते.

टपाल उशिरा येणे किंवा भलतीकडे जाणे हा आता जुना विषय झाला, फोन आल्यापासून पत्रांची वाट कोण पाहतो, असे शहरात सहज म्हटले जाते. तालुक्याच्या गावात तसे म्हणता येत नाही. प्रेमाची, ख्यालीखुशालीची पत्रे संपली हे खरे. पण जी उरली ती कामाची आहेत: बँकेची नोटीस, कोर्टाचे समन्स, एटीएम कार्ड, पॅन कार्ड, पासपोर्ट, गाडीचे आरसी कार्ड, विमा कंपनीचे पत्र, भूसंपादनाची नोटीस, मुलाखतीचे बोलावणे. पूर्वी दहा पत्रांतले एक हरवले तर मावशीची खुशाली चार दिवस उशिरा कळायची. आता वर्षाकाठी पाच-सहाच पाकिटे येतात आणि त्यातले एक हरवले, तर एखाद्याची जमीन, नोकरी किंवा पत पणाला लागते. टपाल कमी झाले, पण प्रत्येक पाकिटाचे वजन वाढले.

यातली सर्वांत अन्यायाची बाब अशी, की नुकसान बहुतेक वेळा ज्याला पत्र मिळाले नाही त्याचे होते, आणि आपल्याला काही पाठवले होते हे त्याला माहीतच नसते. पाठवणाऱ्याकडे पावती असते. पोस्टाकडे नोंद असते, निदान नोंदणीच्या टपालाची असते. ज्याच्या नावाने पाकीट निघाले त्याच्या हातात काहीच नसते. म्हणून तक्रार येते ती महिन्यांनी, जेव्हा दुसरी नोटीस दारावर चिकटते तेव्हा.

हे कसे होते ते समजायला पत्राचा प्रवास पाहावा लागतो. मुंबईत पेटीत टाकलेले पाकीट आधी पोस्टात, तिथून रेल्वे मेल सर्व्हिसच्या म्हणजे आरएमएसच्या छाननीत जाते. महाराष्ट्रात मिरज, भुसावळ, नागपूर ही आरएमएसची जुनी ठाणी आहेत. छाननीत पाकिटे पिनप्रमाणे वेगळी होतात, थैल्या बांधल्या जातात, गाडीवर चढतात. थैली जिल्ह्याच्या प्रधान डाकघरातून किंवा थेट तालुक्याच्या उपडाकघरात उतरते. तिथे पुन्हा छाननी. गावातले टपाल पोस्टमनच्या बीटप्रमाणे लावायचे आणि आसपासच्या खेड्यांचे टपाल शाखा डाकघरांच्या थैल्यांत भरायचे. देशात सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरे आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ ग्रामीण भागात आहेत. त्यांपैकी बहुतेक म्हणजे ही शाखा डाकघरे. कुठे ग्रामपंचायतीची खोली, कुठे पोस्टमास्तरांच्या घराची ओसरी.

शाखा डाकघरात काम करतात ते ग्रामीण डाक सेवक. त्यांचे कामाचे तास ठरलेले आहेत, दिवसाला चार किंवा पाच. त्या तासांत थैली उघडायची, बचत खात्याचे व्यवहार करायचे, पैसे द्यायचे-घ्यायचे आणि बटवडाही करायचा. थैली सकाळी वेळेवर आली तर पत्र त्याच दिवशी वाडीवर पोचते. गाडी चुकली, घाटात दरड आली, पूल पाण्याखाली गेला, तर थैली दुसऱ्या दिवशी येते आणि त्या दिवशी दोन दिवसांचे टपाल एकदम पडते. आंबोली किंवा करूळ घाट पावसाळ्यात बंद पडला की सिंधुदुर्गातल्या माणसाला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मुंबईहून महाराष्ट्रभर जाणाऱ्या पत्राचा बराच वेळ शेवटच्या दहा किलोमीटरवर जातो.

उशीर झालेले पत्र निदान येते. चुकलेल्या पत्राचे तसे नाही. ते आधी भलत्या डाकघरात जाते, तिथे कुणीतरी ते बाजूला काढायला लागते, त्यावर चुकून आल्याचा शिक्का बसतो, पुन्हा थैली, पुन्हा छाननी. एका चुकीला तीन-चार दिवस सहज जातात. आणि ज्या चुकीमुळे ते आधी तिकडे गेले ती चूक पाकिटावर तशीच असते, त्यामुळे ते परत तिकडेच जाऊ शकते.

ही चूक कुठली? इथे मराठी पत्त्याच्या पहिल्या दोन अक्षरांकडे पाहावे लागते. मु. पो. म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. दोन्ही शब्द एकत्र लिहायची इतकी सवय झाली आहे, की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरले जाते. गावात शाखा डाकघर असेल तर मुक्काम आणि पोस्ट एकच. नसेल तर मुक्काम हे गाव आणि पोस्ट शेजारचे. तसा पत्ता ‘मु. अमुक, पो. तमुक, ता., जि.’ असा लिहायचा असतो. जुन्या पिढीतले शिक्षक, तलाठी आणि सैन्यातले लोक हे कटाक्षाने लिहीत. आज ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘व्हिलेज’ अशी एकच चौकट असते आणि त्यात माणूस आपल्या वाडीचे नाव भरतो. आधारवर तेच छापले जाते, बँकेत तेच जाते, बँकेकडून विमा कंपनीत तेच. पत्ता भरणाऱ्याच्या दृष्टीने खरा असतो. पण त्या वाडीचे टपाल कोणत्या शाखा डाकघरातून वाटले जाते, हे त्यात कुठेच नसते. पिन उपडाकघरापर्यंत आणून सोडतो. पुढे पंधरा खेड्यांच्या थैल्यांपैकी कोणत्या थैलीत घालायचे, हे पोस्टाचे नाव नसेल तर छाननी करणाऱ्याच्या आठवणीवर उरते.

पिनची गोष्ट मात्र मराठी वाचकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिन सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतमध्ये काव्य-नाटके लिहिणारे कवी होते. त्यांच्यापुढचा प्रश्न नेमका तोच होता, ज्याने हा लेख सुरू झाला: एकाच नावाची अनेक गावे, आणि बिहारमध्ये एका, केरळात दुसऱ्या, महाराष्ट्रात तिसऱ्या भाषेत लिहिलेले पत्ते. आकड्यांना यातली कोणतीच अडचण नव्हती. देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि नववा आकडा सैन्याच्या टपालासाठी. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा पहिला आकडा ४. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन बटवड्याचे डाकघर. रायगडचे कर्जत ४१०२०१ आणि अहिल्यानगरचे कर्जत ४१४४०२. रत्नागिरीचे खेड ४१५७०९, राजगुरुनगर ४१०५०५. नाशिकचे मालेगाव ४२३२०३, वाशीमचे ४४४५०३. नावांचा गोंधळ एका ओळीत संपतो.

पण पिन छाननीच्या वाटेप्रमाणे आखला गेला, कलेक्टर कचेरीच्या हद्दीप्रमाणे नव्हे. हे ठाऊक नसल्यामुळे माणसे अंदाजाने पिन लिहितात आणि फसतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, पण सावंतवाडीचा पिन ४१६५१० आहे, म्हणजे कोल्हापूरच्या ४१६ मालिकेतला. रत्नागिरी शहर ४१५६१२, म्हणजे साताऱ्याच्या मालिकेतले. सांगली जिल्ह्यात तासगाव ४१६ मध्ये आणि इस्लामपूर, म्हणजे आताचे ईश्वरपूर, ४१५ मध्ये. जिल्ह्याच्या ठिकाणाचा पिन आपल्या गावालाही चालेल असे मानून लिहिणारा मनुष्य पत्राला भलत्याच छाननीत पाठवतो. पिन चुकला आणि गावाचे नाव बरोबर असले, तरी छाननीची पहिली फेरी पिनचे ऐकते.

गावांची आणि जिल्ह्यांची नावेही बदलत आहेत. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर. त्याआधी १९९८ मध्ये वाशीम अकोल्यातून वेगळा झाला, २०१४ मध्ये पालघर ठाण्यातून. जुन्या पॉलिसींवर, सातबाऱ्याच्या जुन्या पत्रव्यवहारावर, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर अजून जुनी नावे आहेत. नाव बदलले म्हणून पिन बदलत नाही. त्यामुळे पिन बरोबर असेल तर नवे-जुने कोणतेही नाव लिहिलेले पत्र पोचते, आणि पिन नसेल तर दुसऱ्या राज्यातल्या छाननी कर्मचाऱ्यापुढे नवे नाव हे कोडे ठरते. महाराष्ट्राबाहेरून येणाऱ्या पत्रावर किमान जिल्हा, राज्य आणि पिन इंग्रजीतही लिहिलेले असावेत आणि पिनचे आकडे इंग्रजी अंकांत असावेत, हे पोस्टातला कोणीही माणूस सांगेल.

तरीही, इतके सगळे बरोबर असूनही, लहान गावातले टपाल शेवटी माणसाच्या माहितीवर चालते. गावांतल्या घरांना नंबर असतो तो ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर. दारावर तो क्वचितच असतो, आणि पत्त्यावर तर नाहीच. ‘मारुती मंदिराजवळ’, ‘पाण्याच्या टाकीमागे’, ‘जुन्या चावडीसमोर’ हे पत्ते आहेत. एका आडनावाची चाळीस घरे असतात आणि त्यांत एकाच नावाचे तीन जण, आजोबांचे नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळे. कोणता ज्ञानेश्वर आणि कोणता पांडुरंग, हे वडिलांच्या नावावरून ठरते. वडिलांचे नाव गाळून नुसते आद्याक्षर छापणारी बँकेची संगणक यंत्रणा नेमका तोच धागा तोडते. वीस वर्षे एकच बीट सांभाळलेला पोस्टमन पाकीट हातात घेऊन ओळखतो, की हा मळ्यातला आहे, हा मुंबईला असतो पण त्याची आई इथे आहे. तो निवृत्त झाला किंवा बदलून गेला, की ही माहिती कोणत्याही रजिस्टरात उतरवलेली नसते. नवा डाक सेवक दहावीच्या गुणांवर निवडला जातो, अनेकदा दुसऱ्या तालुक्यातून येतो आणि पहिले सहा महिने विचारत विचारत फिरतो. त्याच काळात तक्रारी वाढतात. त्याला दोष देणे सोपे आहे. पण गावाने त्याला घरे दाखवली का, हेही विचारायला हवे.

पत्ता सापडला आणि माणूस नसला तर पोस्टमन पाकिटावर शेरा लिहितो: घर बंद, बाहेरगावी, पत्ता अपुरा, पत्ता सोडून गेले, नाकारले, मयत. नोंदणीचे टपाल असेल तर सूचना देऊन ते काही दिवस पोस्टात ठेवले जाते आणि कुणी न नेल्यास पाठवणाऱ्याकडे परत जाते. या दोन-तीन शब्दांच्या शेऱ्याचे कायद्यात फार मोठे वजन आहे, याची कल्पना बहुतेकांना नसते. पत्ता बरोबर लिहून, तिकीट लावून रजिस्टरने पाठवलेले पत्र पोचले असे कायदा गृहीत धरतो. जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये तशी तरतूद आहे. चेक न वटल्याच्या प्रकरणात याचा फटका लहान दुकानदारांना बसतो. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यावर ३० दिवसांत नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे, असा नियम आहे. ‘नाकारले’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा मारून पाकीट परत गेले, तरी नोटीस बजावली गेली असे धरले जाऊ शकते. नोटीस मिळाली नाही हे सिद्ध करण्याचा भार मग न मिळालेल्या माणसावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलावी हाजी खटल्यात एक वाट मोकळी ठेवली: ज्याला नोटीस खरोखर मिळाली नाही, त्याने कोर्टाचे समन्स आल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत. ती वाट उपयोगाची आहे, पण समन्सही त्याच रस्त्याने, त्याच थैलीतून येते.

म्हणून घरात कुणी नसताना रजिस्टर आले आणि शेजारच्यांनी ‘ते इथे राहत नाहीत’ असे सहज सांगून टाकले, तर ती साधी बाब नाही. गावात असे होते. कधी भाऊबंदकीतून मुद्दाम, कधी निव्वळ बेफिकिरीने. आणि उलटही होते. दुसऱ्याचे पाकीट चुकून आपल्या घरी पडते, ‘उद्या देऊ’ म्हणून ते टीव्हीखाली ठेवले जाते आणि तिथेच राहते. असे पाकीट न उघडता, ‘चुकून आले’ असे लिहून पोस्टमनच्या हाती किंवा पोस्टात परत द्यायचे असते. एवढ्याशा गोष्टीने कुणाची तरी नोकरी वाचू शकते.

नोकरीची ही गोष्ट अतिशयोक्तीची नाही. ओडिशातल्या भद्रक जिल्ह्यात ओधंगा नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे नुकत्याच हलवलेल्या जुन्या पोस्टाच्या आवारात मुले खेळत होती. त्यांना पोती सापडली. पोत्यांत पत्रे होती, सहा हजारांहून अधिक, काही २००४ पासूनची. एटीएम कार्डे होती, बँकेची पासबुके होती. ओल आणि वाळवीतून सुमारे पंधराशेच पत्रे वाचण्याजोगी उरली होती. त्यांत २०११ मध्ये नौदलाकडे अर्ज केलेल्या एका स्थानिक मुलाला नौदलाने पाठवलेले पत्र होते. तिथला साहाय्यक पोस्टमास्तर निलंबित झाला. बातम्यांप्रमाणे, आपल्याला बरीच वर्षे नीट चालता येत नव्हते, असे त्याने अधिकाऱ्यांना सांगितले.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. त्या माणसाने रजिस्टर आणि स्पीड पोस्ट, म्हणजे ज्याचा माग काढता येतो असे टपाल, वेळच्या वेळी वाटले होते. साचून राहिले ते साधे टपाल. ज्याची नोंद होती ते पोचले, ज्याची नोंद नव्हती ते पोत्यात गेले. आणि दहा वर्षे गावातल्या कुणाच्याही लक्षात आले नाही, कारण न आलेल्या पत्राची तक्रार कुणी आणि कशावरून करायची? दोष एका माणसाचा होता हे खरे. पण ज्याला नीट चालता येत नाही अशा माणसाच्या एकट्याच्या जिवावर एका गावाचे टपाल दहा वर्षे सोडणारी व्यवस्थाही त्या पोत्यांत दिसली.

कायदा अशा वेळी किती मदत करतो? थोडीच. १८९८ च्या भारतीय डाकघर कायद्याचे कलम ६ असे होते, की टपाल हरवले, चुकीच्या माणसाला गेले, उशिरा पोचले किंवा खराब झाले, तरी सरकारने स्वतःहून पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे ते उत्तरदायी नाही, आणि कर्मचारी फक्त लबाडी किंवा मुद्दाम केलेल्या कृत्याबद्दल उत्तरदायी. इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केलेला तो नियम सव्वाशे वर्षे टिकला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा डाकघर कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यातही कलम १० मध्ये जवळजवळ तेच संरक्षण आहे: नियमांत जेवढी ठरवून दिली जाईल तेवढीच जबाबदारी. स्पीड पोस्टला उशीर झाला तर भरलेले शुल्क परत, हरवले तर शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये यांपैकी जे कमी असेल ते, अशी भरपाई वर्षानुवर्षे चालत आली. मुलाखतीची तारीख हुकलेल्या उमेदवाराला पन्नास-साठ रुपये परत देणे ही भरपाई म्हणता येणार नाही. मुद्दाम केलेला निष्काळजीपणा दाखवता आल्यास ग्राहक आयोगाचा दरवाजा मोकळा असतो. तिथे कुणी जिंकते, कुणी हरते, आणि दोघांनाही त्यासाठी वर्षे द्यावी लागतात.

दुसरीकडे, जाहिरातीच्या तळाशी ‘टपाल दिरंगाईमुळे उशिरा आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही’ अशी ओळ छापणाऱ्या कार्यालयांनी तर ती जबाबदारी आधीच झटकलेली असते. पोस्ट जबाबदार नाही, कार्यालय जबाबदार नाही. सगळा भार उरतो तो अर्जदारावर. हे बदलायला हवे. अर्ज पोस्टात टाकल्याची तारीख ग्राह्य धरणे एवढा साधा नियमही पुष्कळ गावकऱ्यांना दिलासा देईल.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत पोस्टाच्या सेवांमध्ये जे बदल झाले तेही गावात समजून घ्यायला हवेत. रजिस्टर ही पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर आले: ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक पाकिटाला १९ रुपये, देशात इतरत्र ४७ रुपये, कर वेगळा. पत्र फक्त ज्याचे त्यालाच द्यावे असे हवे असेल तर पाच रुपये जास्त देऊन नोंदणी करता येते. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट द्यायचे, अशीही सोय पाच रुपयांत आहे. महत्त्वाच्या कागदाला ही नोंदणी करून घ्यायला कंजुषी करू नये, कारण एरवी घरातल्या कुणाच्याही हाती पाकीट पडते.

पुस्तके आणि मासिके मागवणाऱ्यांची अडचण निराळी. दिवाळी अंक न पोचल्याच्या तक्रारी प्रत्येक मराठी संपादकाच्या ओळखीच्या आहेत. पुस्तके स्वस्तात आणि नोंदणीसह पाठवायची ‘रजिस्टर्ड बुक पोस्ट’ सेवा डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांचे हात बांधले गेले. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली: ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोला १०० रुपयांपर्यंत, आणि पार्सलचा माग काढता येतो. पण नियतकालिके तिच्यात बसत नाहीत. म्हणजे अंक अजूनही साध्या टपालानेच येणार, आणि ओधंगाने दाखवून दिल्याप्रमाणे साधे टपालच सर्वांत आधी हरवते. वाचनसंस्कृतीची काळजी वाहणाऱ्यांनी ही सवलत नियतकालिकांनाही मिळावी यासाठी आवाज उठवायला हवा.

खाजगी कुरिअर हा यावरचा उपाय नाही. लहान गावात कुरिअरचा माणूस तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत येतो. पुढच्या खेड्याचे पाकीट असेल तर फोन येतो, ‘स्टँडजवळच्या दुकानातून घेऊन जा.’ फोन लागला नाही तर पाकीट परत. फोन नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा बटवडा नाहीच. अडीच रुपयांचे आंतर्देशीय पत्र डोंगरावरच्या वाडीत नेऊन देणारी व्यवस्था आजही एकच आहे, आणि म्हणूनच तिची नीट देखभाल व्हावी अशी अपेक्षा करण्याचा हक्क गावाला आहे.

मग हातात काय आहे? पहिले म्हणजे आपले पोस्ट कोणते, त्याचा पिन कोणता, हे तालुक्याच्या उपडाकघरात जाऊन एकदा विचारून घ्यावे आणि आधार, बँक, विमा, गॅस या सगळीकडे ‘पोस्ट’ या चौकटीत तेच नाव भरावे. ‘पोस्ट’ची चौकट नसेल तर पत्त्याच्या ओळीतच ‘पो.’ करून लिहावे. वडिलांचे नाव पूर्ण लिहावे. घरावर नावाची पाटी लावावी, दाराला पेटी बसवावी. घर बदलले किंवा कामासाठी पुण्या-मुंबईला मुक्काम हलवला, तर पोस्टात अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवून घेता येते, फार थोडे लोक हे करतात. एखादे पत्र येणार हे माहीत असेल, तर पाठवणाऱ्याकडून तेरा अक्षरी-अंकी ट्रॅकिंग क्रमांक मागून घ्यावा. तो क्रमांक हाती असल्याशिवाय पोस्टाच्या खिडकीवर कोणालाच काही शोधता येत नाही. उशिरा आलेल्या पत्राचे पाकीट फेकू नये. त्यावरचे दोन शिक्के, निघाल्याचा आणि पोचल्याचा, हाच विलंबाचा पुरावा असतो. ‘घर बंद’ असा खोटा शेरा मारला गेला असे वाटले, तर लगेच लेखी तक्रार द्यावी. बटवड्याची कागदपत्रे पोस्ट कायम जपून ठेवत नाही.

ज्या पत्राचा ना घेणारा सापडतो ना पाठवणारा, ते शेवटी ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’मध्ये जाते. जुन्या काळी त्याला ‘डेड लेटर ऑफिस’ म्हणत. कुणाचेही बंद पत्र उघडून पाहण्याची मुभा तिथल्या ठरावीक कर्मचाऱ्यांना असते, आणि तीही आत पत्ता सापडतो का हे पाहण्यापुरती. म्हणून पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिणे, आणि आतल्या कागदावरही वर पत्ता लिहिणे, ही जुनी रीत आजही तितकीच कामाची आहे.

२७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासोबत तयार केलेली ही पद्धत देशाची सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकटींत विभागणी करते आणि प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांचा संकेत देते. पाण्याच्या टाकीमागच्या घरालाही आता स्वतःचा संकेत आहे. बँकेच्या आणि आधारच्या फॉर्ममध्ये त्यासाठी जागा झाली, आणि शाखा डाकघरातल्या सेवकाच्या हातातल्या फोनवर तो उघडला, तर वाड्यावस्त्यांना त्याचा मोठा उपयोग होईल. तोवर तक्रारीसाठी १८००-२६६-६८६८ हा टोल फ्री क्रमांक आहे, केंद्र सरकारचे तक्रार निवारण पोर्टल आहे, आणि विभागीय पातळीवर ठरावीक काळाने भरणारी डाक अदालत आहे. तिची तारीख पोस्टाच्या फलकावर लागते आणि तक्रार आधी लेखी द्यावी लागते. एका घरापेक्षा पाच-दहा घरांनी, ग्रामपंचायतीच्या ठरावासह, कोणत्या तारखेचे कोणते टपाल कधी मिळाले याची यादी जोडून दिलेली तक्रार तिथे जास्त ऐकली जाते.